हिरवी टेकडी आणि हरवलेला रफार

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री मी लॅपटॉपवर विंडोज एक्सपी टाकलं. व्हर्च्युअल मशीनमध्ये. म्हणजे आजच्या कंप्युटरच्या पोटात एक लुटुपुटूचा जुना कंप्युटर तयार करायचा आणि त्याला सांगायचं की बाबा रे, तू अजून २००१ सालातच आहेस. पाऊण तासात सगळं झालं. काळा पडदा, डावीकडून उजवीकडे पळणारे ते तीन निळे ठोकळे, मग ती सुरावट आणि मग ती हिरवी टेकडी. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. अठ्ठावीस वर्षांची, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी मी, रात्री साडेअकरा वाजता एका वॉलपेपरकडे बघून रडत होते.

वीस मिनिटांनी कंटाळा आला. पेंटमध्ये घर आणि नारळाचं झाड काढून झालं. माइनस्वीपरमध्ये दोनदा मेले. सॉलिटेअर जिंकल्यावर पत्ते उड्या मारत पडतात ते बघायचं होतं, पण अख्खा डाव खेळायचा धीर नव्हता. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आजची एकही साइट धड उघडेना. मी ते सगळं बंद केलं आणि रील्स बघत झोपले.

दुसऱ्या दिवशी मात्र प्रश्न पडला. मला नेमकी कशाची आठवण येत होती? जे हवं होतं ते तर समोर होतं, हुबेहूब, प्रत्येक पिक्सेलसकट.

*

आमच्या घरात पहिला कंप्युटर आला नाही, तो काकांच्या दुकानात आला. २००५ साली, कराडला. मी आठ वर्षांची. काका डीटीपीचं काम करतात: लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पावतीपुस्तकं, पतसंस्थेचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायची. काका जेवायला घरी गेले की तो तासभर कंप्युटर माझा.

त्या तासात मी काय करायचे? बहुतेक वेळ पिनबॉल. स्पेस कॅडेट नावाचा तो खेळ एक्सपीत फुकट यायचा. खेळून झालं की डिस्क डीफ्रॅगमेंट लावायचे आणि लाल-निळे पट्टे सरकताना बघत बसायचे. त्याने नक्की काय होतं हे मला कळत नव्हतं, पण पसारा आवरला जातोय हे दिसायचं, आणि पसारा आवरताना दुसऱ्याला बघण्यासारखं सुख नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तो एक्सपी चोरीचा होता. कंप्युटर जोडून देणाऱ्याने मार्करने ‘एक्सपी’ लिहिलेली एक सीडी दिली होती आणि तिच्या कव्हरवर पंचवीस अक्षरांची की. ती एफसीकेजीडब्ल्यूपासून सुरू व्हायची. माझ्या पिढीतल्या निम्म्या इंजिनियरांना ही पाच अक्षरं अजून पाठ असतील. दर सहा महिन्यांनी मशीन फॉरमॅट करावं लागायचं, कारण गावभरचे पेन ड्राइव्ह त्याच्यात खुपसले जायचे आणि प्रत्येकातून एक ‘न्यू फोल्डर’ नावाचा, दिसायला फोल्डर पण खरा व्हायरस असलेला प्राणी यायचा.

आणि त्या एक्सपीला मराठी येत नव्हतं. म्हणजे यायचं, पण मागावं लागायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फायली टाका, अशा एका चौकोनावर टिचकी मारायची आणि वर सीडी घालायची. तोवर नेटवरचं मराठी म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकोनांची रांग. आपली लिपी ‘कॉम्प्लेक्स’ आहे हे मला त्या खिडकीने सांगितलं. तो चौकोन टिचकवला की जो मंगल फॉन्ट दिसायचा तो एका मराठी माणसाने, र. कृ. जोशींनी, घडवलेला आहे हे कळायला मला इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

तर असा हा माझा सुवर्णकाळ. चोरीचा, रोगट, आणि मला माझ्या भाषेत न ओळखणारा.

*

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द एका डॉक्टरने तयार केला. योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझलला लिहिलेल्या प्रबंधात तो पहिल्यांदा येतो. घरापासून लांब असलेल्या स्विस लोकांना, पुढे विशेषतः परमुलखात लढणाऱ्या त्यांच्या भाडोत्री सैनिकांना, जो आजार व्हायचा त्याचं हे नाव. ग्रीकमधून घेतलेले दोन तुकडे: घरी परतणं आणि वेदना. मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. मला हे भाषांतर फार गमतीचं वाटतं. मूळ शब्दात वेदना आहे, आपल्या शब्दात करमणूक. ‘गतकातरता’ असाही एक शब्द आहे, तो मूळ अर्थाच्या जास्त जवळ जातो, पण तो वापरला की समोरचा ‘काय?’ म्हणतो. त्या शनिवारी रात्री मला जे झालं ते स्मरणरंजनच होतं. वीस मिनिटांत संपली ती करमणूकच. वेदना कशी वीस मिनिटांत संपेल?

त्या टेकडीचीही एक गोष्ट आहे. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो फोटो काढला. तो भाग द्राक्षबागांचा. टेकडीवर त्या वर्षी नुसतं गवत होतं, कारण कीड लागल्यामुळे तिथल्या वेली उपटून काढल्या होत्या. पुढे पुन्हा द्राक्षं लावली गेली आणि ती टेकडी तशी दिसायची बंद झाली. म्हणजे जगभरातल्या लोकांनी ज्या हिरवाईला शांतता, निवांतपणा वगैरे समजून वर्षानुवर्षं पाहिलं, ती एका शेतकऱ्याच्या नुकसानीनंतर उगवलेली होती. आणि फोटो काढायला आला असता तो माणूस एक-दोन वर्षं इकडेतिकडे, तर मिळालाच नसता.

यावरून ‘आठवणी खोट्याच असतात’ असं म्हणून मोकळं होता येतं. मीही काही महिने तेच म्हणत होते. पण ते पूर्ण खरं नाही. एक्सपीबद्दलच्या आठवणीत एक गोष्ट अगदी खरी आहे: तो बदलायचा नाही. सोमवारी बटण जिथे होतं तिथेच मंगळवारी असायचं. आज माझ्या फोनवरचं एखादं ॲप रात्रीत अपडेट होतं आणि सकाळी पैसे पाठवायचं बटण तळातून वर गेलेलं असतं. माझी आई मला फोन करून विचारते, ‘मी काही दाबलं का गं चुकून?’ तिने काही दाबलेलं नसतं. दाबलेलं असतं माझ्यासारख्या कुणीतरी, एखाद्या मीटिंगमध्ये. अनोळखी माणसाने रात्री घरात शिरून भांड्यांची मांडणी बदलावी आणि सकाळी घरच्या बाईने स्वतःलाच वेड लागलंय का असं विचारावं, तसं हे आहे. जुन्या सिस्टिमची आठवण काढणाऱ्यांना आपण म्हातारे म्हणून हसतो, पण त्यांच्या तक्रारीचा हा भाग मला न्याय्य वाटतो.

पिनबॉल का गेला माहितीये? मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी ते लिहून ठेवलंय. ६४ बिटांच्या विंडोजवर तो खेळ आणताना चेंडू आणि लाँचर एकमेकांना लागायचेच नाहीत. चेंडू लाँचरमधून आरपार घरंगळत तळातून बाहेर जायचा. कोड बाहेरच्या कंपनीने कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलेला, त्यात कुठे काय का केलंय याच्या नोंदी जवळजवळ नाहीत. दोष सापडेना, म्हणून खेळच काढला. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. आमच्या धंद्यात गोष्टी अशाच जातात. कुणी दुष्ट नसतो. फक्त वेळ नसतो.

*

हे मी अधिकाराने सांगते, कारण गोष्टी घालवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. आमच्या ॲपची जुनी व्हर्जनं कधी बंद करायची हे ठरवणाऱ्या टीममध्ये मी आहे. एका तक्त्यात आकडे येतात, अमुक जुन्या अँड्रॉइडवर इतके लोक. तो आकडा दोन टक्क्यांच्या खाली गेला की आम्ही तारीख काढतो. त्याला ‘सनसेट’ म्हणतात, सूर्यास्त. जणू ते निसर्गानेच होतं. नाहीतर ‘एंड ऑफ लाइफ’. मी स्वतः अशा तीन सूचना लिहिल्या आहेत. ‘अधिक चांगल्या अनुभवासाठी आम्ही...’ अशी त्यांची सुरुवात असते. ज्याचा फोन चालत होता आणि आता ॲप उघडणार नाही, त्याचा अनुभव चांगला कसा होणार हे सूचनेत लिहिलेलं नसतं. टक्क्यांना चेहरा नसतो, हे काही मला नव्याने कळलं असं नाही. पण दोन टक्क्यांतला एक माणूस माझा काका निघाला.

काकांच्या दुकानात अजून तोच कंप्युटर आहे. मधे एकदा पॉवर सप्लाय बदलला, मॉनिटर दोनदा बदलला. आत अजूनही एक्सपी आणि पेजमेकर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली, त्यानंतर आलीच नाही. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याच काळातलं. त्याला लॉक लागतं. लॉक म्हणजे बोटभर लांबीची डबी, जी कंप्युटरच्या मागे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावायची. ती काढली की मराठी बंद.

गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट संपवला. एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४लाच संपला होता. दिवाळीला घरी जाताना मी ठरवलंच की आता काकांना त्यातून बाहेर काढायचं. नवा कंप्युटर घेऊन गेले, विंडोज ११वाला. काका म्हणाले, ‘काय झालंय ह्याला? चालतंय की.’

मी त्यांना मोठं भाषण दिलं. मे २०१७मधला वॉनाक्राय सांगितला, इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांमध्ये पडदे लाल झाले, पेशंटच्या अपॉइंटमेंटी रद्द झाल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. (नंतर कळलं की त्यात अडकलेली बहुतेक मशीन्स एक्सपी नव्हे, अपडेट न केलेली विंडोज ७ होती. हे मी काकांना सांगितलं नाही. भाषणात बसत नव्हतं.) काका ऐकून घेतात. ते बदलाला घाबरणारे नाहीत. १९८३ साली ते ट्रेडल प्रेसवर खिळे जुळवायला लागले. शिशाचे खिळे सोडून माऊस त्यांनी चाळिशीत हातात घेतला. त्या प्रेसची आठवण येते का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘शिसं होतं ते. हात काळं व्हायचं, जेवताना वास यायचा. आठवण कसली?’

हे ऐकून मला काहीतरी लख्ख दिसलं होतं, तेव्हा नीट मांडता आलं नव्हतं. आठवण मला येते, कारण मी पुढे निघून आले. त्याच मशीनवर रोज आठ तास बसणाऱ्या काकांना त्या टेकडीकडे बघून काहीही होत नाही. त्यांना ती दिसतच नाही. पेजमेकर उघडं असतं. स्मरणरंजन ही ज्याला बाहेर पडता आलं त्याची चैन आहे. जो आत आहे त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न असतो: माझी वीस वर्षांची फाइलं उघडतील का?

नाही उघडली. नव्या कंप्युटरला मागे तो पोर्टच नव्हता, त्यामुळे लॉक लावायला जागा नाही. आणि हे जुने फॉन्ट म्हणजे एक सोंग असतं. फाइलमध्ये मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट गेला की उरतो कचरा. त्या कचऱ्यात आमच्या गावाची वीस वर्षं होती. हे वाढवून सांगत नाही. काकांची काम करायची पद्धतच तशी: दशक्रियेच्या कार्डाची फाइल पुढच्या वर्षी उघडायची, ‘दशक्रिया विधी’ खोडून ‘प्रथम पुण्यस्मरण’ करायचं, तिथी बदलायची, सेव्ह ॲज. लग्नपत्रिकेवरून बारशाची. लोक तारखा विचारायला येतात. कुणाच्या आजोबांची तिथी घरात कुणाला आठवत नाही, काकांच्या डी ड्राइव्हमध्ये ती असते.

मग मी कन्व्हर्टर लिहिला. पायथॉनमध्ये, दोनशे ओळी, दिवाळीच्या चार सुट्ट्यांत. फाइलमधला मजकूर घ्यायचा, जुन्या चिन्हांचं युनिकोड करायचं. वाटतं तेवढं सोपं नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात: पहिली वेलांटी आधी, मग अक्षर. युनिकोडमध्ये उलट. ‘मच्छिंद्र’सारख्या नावात वेलांटीला दोन अक्षरं ओलांडून जावं लागतं, माझ्या पहिल्या प्रयत्नात ती मधेच लटकली. ते सुधारलं. एका लग्नपत्रिकेवर तपासलं, ‘चि. सौ. कां.’पासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं बरोबर आलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. काकांना दाखवलं, तेही म्हणाले, ‘भारी.’

डिसेंबरात एका घरचं द्वितीय पुण्यस्मरणाचं कार्ड आलं. काकांनी नव्या कंप्युटरवर मागच्या वर्षीची फाइल माझ्या कन्व्हर्टरमधून काढली, ‘प्रथम’चं ‘द्वितीय’ केलं, तिथी, वार, कीर्तनाची वेळ बदलली. बदललेलं सगळं दोनदा तपासलं. न बदललेलं तपासलं नाही, कारण ते गेल्या वर्षी बरोबरच होतं. दीडशे कार्डं छापली.

गेलेल्या माणसाचं नाव मार्तंड. कार्डावर छापलं गेलं मातंड.

त्या जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार एकत्र आले तर त्यांच्यासाठी एकच जोडचिन्ह आहे, एकाच खिळ्यात दोन्ही. माझ्या तक्त्यात मी ते पाहिलं, नुसता अनुस्वार समजले आणि पुढे गेले. लग्नपत्रिकेत तसा शब्दच नव्हता, म्हणून पकडलं गेलं नाही. वेलांटी लटकली असती तर डोळ्याला खुपली असती. रफार गेला तर शब्द नीटनेटका दिसतो, फक्त माणूस दुसरा होतो.

त्यांचा मुलगा दुकानात आला. भांडला नाही. ‘वडलांचं नाव चुकलंय’ एवढंच म्हणाला. कार्यक्रम दोन दिवसांवर, कार्डं त्याच संध्याकाळी वाटायला जायची होती. पुन्हा छापायला वेळ नव्हता. काकांनी काळं पेन घेतलं आणि दीडशे कार्डांवर दीडशे रफार हाताने काढले. हे मला काकांनी नाही, काकूने फोनवर सांगितलं, तेही सहज, दुसऱ्याच कशावरून तरी. ‘मान धरली होती त्यांची रात्री,’ म्हणाली.

ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लिहायला लाज वाटते. ‘मॅपिंग टेबलमध्ये एक एंट्री राहिली.’ टेकडी बघून रडणारी मी ती हीच.

*

मग तेव्हापासून मी याच प्रश्नाभोवती फिरते आहे. जी गोष्ट चालते आहे ती ‘मेली’ असं जाहीर करायचा अधिकार कुणाला आहे? आणि तो वापरला तर त्याच्यासोबत काय करणं लागतं?

मायक्रोसॉफ्टने एक्सपी बंद केलं यात मला चूक दिसत नाही. साडेबारा वर्षं सांभाळलं. मी ज्या ॲपवर काम करते त्याचं एखादं व्हर्जन तीन वर्षं टिकलं तर आम्ही केक कापू. आणि ज्याला दुरुस्त्या मिळत नाहीत असं मशीन नेटवर ठेवणं हा फक्त स्वतःचा धोका नसतो, शेजाऱ्याचाही असतो. विंडोज १०बद्दल मला तितकंसं पटत नाही. धडधाकट कंप्युटर केवळ विंडोज ११ने मागितलेली सुरक्षेची चिप किंवा नवा प्रोसेसर नाही म्हणून मागे ठेवले गेले. पण हा वाद तांत्रिक आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे.

मला छळतं ते वेगळं आहे. मी काकांना जुन्यातून काढलं ते त्यांच्या भल्यासाठी, आणि ते भलं खरंही होतं: ती हार्ड डिस्क आता टकटक आवाज करते, एक दिवस सगळं जाईल. थांबणंही चूकच ठरलं असतं. पण नीट करायचं तर काय करायला हवं होतं? कुणीतरी काकांच्या शेजारी महिनाभर बसून प्रत्येक फाइलमधलं प्रत्येक नाव मोठ्याने वाचायला हवं होतं. असं काम आमच्या कुठल्याही योजनेत नसतं. त्यासाठी तास लिहायला जागा नाही. आम्ही तारीख देतो, कन्व्हर्टर देतो, एक मदतीचं पान देतो आणि उरलेलं काम पलीकडच्या माणसावर सोपवतो, त्याला न सांगता. तो ते करतो. रात्री, मान मोडून, काळ्या पेनाने. मग आमच्या तक्त्यात दिसतं की स्थलांतर यशस्वी झालं.

फेब्रुवारीत मी आमच्या मीटिंगमध्ये विचारलं की जुनं व्हर्जन बंद करायच्या आधी त्या दोन टक्क्यांतल्या पन्नास जणांना फोन करता येईल का. कुणी हसलं नाही. ‘गुड पॉइंट’ म्हणाले, आणि तारीख तीच राहिली. मी आवाज चढवला नाही. तारखेची सूचना मीच लिहिली. पहिली ओळ बदलली एवढंच: ‘अधिक चांगल्या अनुभवासाठी’ काढून ‘तुमच्या फोनवर हे ॲप १ एप्रिलपासून चालणार नाही’ असं सरळ लिहिलं. तेही एकाला जरा कठोर वाटलं.

*

होळीला कराडला गेले होते. दुकानात आता दोन्ही कंप्युटर शेजारी शेजारी आहेत. जुन्याची नेटची वायर मी काढून टाकली, त्याच्या डिस्कची प्रत दोन ठिकाणी ठेवली. कन्व्हर्टरच्या तक्त्यात ते चिन्ह भरलं. पण काकांनी त्याच्यावर विसंबायचं सोडलंय. ते जुन्यावर फाइल उघडतात, काकू समोर स्टुलावर बसून नावं वाचते आणि काका नव्यावर टाइप करतात. ‘मार्तंड’ आलं की काकू ‘र्तं’वर जोर देते.

जुन्या मशीनचा घड्याळाचा सेल मेलाय. रोज सकाळी चालू केलं की ते तारीख विसरलेलं असतं, जानेवारी २००२च्या आसपास कुठेतरी जाऊन बसतं. काका भिंतीवरचं कालनिर्णय बघून तारीख घालतात, मग उदबत्ती लावतात. मी पुण्याहून तो सेल आणला होता, वाटाण्याएवढं काम. झाकण उघडून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले तेव्हा काका कालनिर्णयाकडे बघत होते आणि त्यांचा हात माऊसवर होता.

‘काका, आता नाही लागणार ते,’ मी म्हटलं.

‘असू दे,’ ते म्हणाले, ‘बघून घेतो.’